न फेकलेला चेंडू

जेवणं अर्ध्यावर आली असताना जयप्रकाशनी सांगितलं, "चार जागा मिळाल्यात. उद्या सकाळचं विमान. मुंबई."

हेमाच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. शुक्रवार होता, म्हणून सगळे एकत्र जेवायला बसले होते. नाहीतर इराकशी लढाई सुरू झाल्यापासून या घरात कोणी वेळेवर जेवत नव्हतं. बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आता सहा माणसं राहत होती. जयप्रकाशांचं घर रिफ्याला. छपरावरून लढाऊ विमानं जायला लागली तसा मालूताईंच्या पोटात अन्नाचा कण ठरेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी दोघं सुटकेस घेऊन धाकट्या भावाच्या, राजनच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"कोण चार?" राजननं विचारलं.

"मालू, हेमा आणि तुमची दोन्ही मुलं, मयुरेश, तेजस्वी."

"आणि तुम्ही हो?" मालूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"बघू," जयप्रकाश म्हणाले आणि भात कालवू लागले.

हे 'बघू' हेमानं वीस वर्षं ऐकलं होतं. लंडनची बदली आली तेव्हा बघू. पुण्याला दोघा भावांनी मिळून जागा घ्यायचं ठरत होतं तेव्हा बघू. सासूबाईंनी भरल्या घरात तिच्या माहेरचा उद्धार केला, तेव्हा हा मोठा दीर समोर बसून वर्तमानपत्राची घडी घालत होता. यांची पाचवी जागा यांच्या बँकेतून कधीच पक्की झाली असणार, तिच्या मनात आलं. आपल्याला सांगायचा संकोच, एवढंच.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"हेमा, आता हे नको," राजन म्हणाला.

"का नको? तुम्ही इथं प्लांटवर आणि मी तिकडे रेडिओला कान लावून बसू?"

"मीपण नाही जाणार," मयुरेश म्हणाला. नाताळच्या सुट्टीत तो अमेरिकेहून आला आणि इथेच अडकला. त्याची टर्म सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. कानाशी छोटा ट्रान्झिस्टर होता. समुद्रापलीकडच्या अमेरिकन सैनिकांचं स्टेशन त्यावर लागायचं.

"तुला विचारलं नाही," राजन म्हणाला.

"ती म्हणते त्यात चूक काय आहे, भावोजी?" मालूताई एकदम हेमाच्या बाजूनं बोलल्या. "नवऱ्याला मागे टाकून कुठली बाई सुखानं जाईल?"

राजननं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "वहिनी, हे पाणी आम्ही समुद्रातून काढतो. कुवेतकडून तेलाचा तवंग खाली सरकतोय. आमच्या प्लांटच्या पाणी ओढायच्या तोंडापाशी तरंगते अडसर टाकलेत, पण वारा फिरला तर ते किती टिकतील ते मला ठाऊक नाही. तेल आत आलं तर प्लांट बंद. मग बेटावर प्यायला पाणी नाही. क्षेपणास्त्र पडेल की नाही ते देवाला माहीत. पाण्याचं मात्र मला माहीत आहे. म्हणून सांगतो, जा."

मालूताईंनी तेजस्वीकडे पाहिलं. चौदा वर्षांची ती पोर गेले काही दिवस जेमतेम दोन शब्द बोलत होती. आताही तिनं भाताचे गोळे करून ताटाच्या कडेला लावून ठेवले होते.

"हेमा," मालूताईंचा आवाज बदलला, "पोरीचा विचार कर गं."

आत्ता बाजूनं बोललेली बाई क्षणात पलीकडे गेली, हे हेमाला लागलं. ती उत्तर देणार तोच धोक्याचा भोंगा वाजला.

*

आतली बाथरूम राजननं पहिल्याच आठवड्यात तयार केली होती. तिला खिडकी नव्हती. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारली होती. सहाजण आत शिरले. राजननं दाराच्या फटींवर आतून पट्ट्या मारल्या आणि हेमानं ओला टॉवेल उंबऱ्याशी दाबून बसवला. विषारी वायू आला तर टॉवेल काय करणार, हा प्रश्न मयुरेशनं पहिल्या दिवशी विचारला होता. तो पुन्हा कोणी विचारला नव्हता.

मयुरेश टबच्या काठावर बसला. शेजारी तेजस्वीचे दात वाजत होते, अगदी ऐकू येतील इतके. ट्रान्झिस्टर आता बहारीनच्या स्टेशनवर लावला होता. तिथे भोंग्यानंतर नुसती खरखर येत होती.

"मयू, बोल काहीतरी," आई म्हणाली. "काहीही."

"काय बोलू?"

"तेच. मघाशी ऐकत होतास ते. ते तुमचं चेंडूचं."

तिची नजर तेजस्वीवर होती. त्याच्या लक्षात आलं.

"अगं, वाद चालला होता. अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक कोण." त्यानं घसा साफ केला. "क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर वेळी चेंडू येतो तो. त्यानं पुढे धावणाऱ्या आपल्या माणसाकडे फेकायचा. समोरचे आडदांड गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात. तेवढ्यात ठरवायचं, कुणाकडे, किती लांब."

"आणि चांगला कोण ते कसं ठरवतात?" जयप्रकाशांनी विचारलं. ते बादली उलटी घालून त्यावर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते.

"रेटिंग असतं, काका. चार गोष्टी मोजतात. फेकलेल्यांपैकी किती चेंडू आपल्या माणसानं झेलले. दर फेकीमागे किती यार्ड मिळाले. किती फेकींवर थेट टचडाउन झालं, म्हणजे त्यांचा गोल. आणि किती फेकी समोरच्यांनी मधल्या मध्ये पळवल्या. चारांचा मिळून एक आकडा. जास्तीत जास्त एकशे अठ्ठावन्न पॉइंट तीन."

"शंभर का नाही?" हेमा शाळेत गणित शिकवायची. भीतीतही तिला ते खटकलं.

"शंभर म्हणजे उत्तम, असं धरून सूत्र बसवलं. वरचं टोक आपोआप तिकडे गेलं."

"आणि चारही गोष्टींना वजन सारखंच?"

"साधारण."

"हे कोणी ठरवलं? झेललेला चेंडू आणि पळवलेला चेंडू यांचं मोल सारखं कसं असेल?"

"आई, हेच मी आमच्या सरांना म्हटलं." मयुरेशला उत्साह आला. आवाज थोडा मोठा ठेवला तर खरखर ऐकू येत नाही, हेही त्याला कळलं होतं. "आमच्या कॉलेजच्या टीममध्ये दोघं होते. एक लांबू, एक बुटका. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात आम्हाला दोघांची तुलना करायला दिली. लांबूचं रेटिंग फार वर. बुटक्याचं बेताचं. पण बुटका खेळायचा तेव्हा टीम जिंकायची."

"योगायोग," जयप्रकाश म्हणाले. "चार सामन्यांवरून काय कळतं? आकडा आहे ना? मग आकडा धरावा. ज्याच्या चुका कमी तो चांगला."

"पण काका, लांबूच्या चुका कमी का? समोरून गडी अंगावर आले की तो चेंडू फेकायचाच नाही. छातीशी धरायचा आणि आडवा व्हायचा. त्याला सॅक म्हणतात. टीम सातआठ यार्ड मागे जाते. पण रेटिंगमध्ये ते धरतच नाहीत. फेकलाच नाही ना! फेकला असता आणि पळवला गेला असता तर रेटिंग खाली आलं असतं."

"म्हणजे नॉट आउटसारखं," हेमा म्हणाली. "शेवटपर्यंत ठुकठुक करत राहिला तरी बॅटिंगचं अ‍ॅव्हरेज वर."

"एक्झॅक्टली. मी म्हटलं सॅकसुद्धा फेक म्हणून मोजा, गमावलेले यार्ड वजा करा. लांबू धाडकन खाली आला."

"आणि सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, सॅकचा दोष त्याचाच कशावरून? त्याच्यापुढे पाचजण उभे असतात. गड्यांना अडवणं हे त्यांचं काम."

"बरोबर म्हणाले," दाराला पाठ लावून उभा असलेला राजन बोलला. मयुरेशनं चमकून वर पाहिलं. बाबा काकांच्या बाजूनं बोलतील असं त्याला वाटलं नव्हतं. "पुढचे पाच झोपले, तर मागच्यानं काय करायचं? प्लांटवर पंप बंद पडला की सगळे कंट्रोल रूममधल्या माणसाकडे बघतात. चूक भलतीकडे असते."

"पण बाबा, त्याच पाचजणांमागे बुटका आडवा होत नव्हता!"

"तो वेगळा माणूस," जयप्रकाश म्हणाले. "त्याला सोसत असेल. पडणारा माणूस निदान चेंडू शत्रूला देत नाही. घरचं घरात राहतं. याला काहीच किंमत नाही?"

त्यांचा आवाज चढला होता. हा चेंडूचा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी ते तावातावानं लांबूची बाजू लढवत होते. मयुरेशला मजा वाटली. त्याच्या खांद्याला टेकलेली तेजस्वी आता कापत नव्हती. तिनं मान वर केली.

"सो ही इज लाइक जेपीकाका," ती म्हणाली. "ही नेव्हर थ्रोज."

किती दिवसांनी ती पुरं वाक्य बोलली होती. मालूताई नळाकडे बघत राहिल्या. मयुरेशला वाटलं, आईनं तिला दटावावं. आई गप्प होती आणि तिचं गप्प बसणं त्या वाक्याहून वाईट होतं.

तेवढ्यात धक्का बसला. आवाज लांबचा होता की जवळचा ते कळलं नाही. भिंतीतून काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटलं, साबणाची वडी टबात पडली आणि दिवे गेले.

*

आपण उठलो कधी हे जयप्रकाशांना कळलंच नाही. अंधारात त्यांची नखं दारावरच्या चिकटपट्टीत रुतली होती. एक पट्टी सर्रकन निघाली. छातीत हवा शिरत नव्हती. बाहेर हवा आहे, एवढंच डोक्यात होतं.

"दादा! काय करताय?"

"उघड! राजू, दार उघड, गुदमरतोय मी!"

"पट्टी काढू नका! पोरं आहेत आत!"

राजननं त्यांची दोन्ही मनगटं धरली. जयप्रकाशांनी हिसका दिला. राजनचं डोकं दाराच्या कडीवर आपटलं, पण त्यानं पकड सोडली नाही. कोणीतरी रडत होतं. हेमा अंधारात चाचपडत फाटलेली पट्टी पुन्हा दाबत होती आणि तिची बोटं त्यांच्या बोटांना लागत होती. हळूहळू त्यांचा जोर गेला. ते दाराशीच खाली बसले. राजनही त्यांच्याबरोबर बसला, मनगटं धरूनच.

मग जयप्रकाश म्हणाले,

"खरं आहे तेजूचं."

"कोणाचं काही खरं नाही. शांत बसा," राजन म्हणाला.

"मला बोलू दे. माझी जागा त्यात नाही. हेमाला वाटत असेल असणार. वाटतंय ना, हेमा?"

हेमा पट्टी दाबत राहिली.

"तिकिटांच्या माणसानं विचारलं, साहेब, चार की पाच? मी म्हटलं चार. पाचवी मागितली असती तर मिळाली असती. आणि मिळाली असती तर मी गेलो असतो. राजूला इथं टाकून गेलो असतो. म्हणून मागितली नाही." त्यांचा श्वास अडखळला. "पण मला इथं राहवतही नाही. भोंगा वाजला की मी... मालूला विचारा. मी कपडे खराब करतो. या वयात."

"अहो, नका ना," मालूताई कुजबुजल्या.

रेडिओवर धोका टळल्याचं सांगितलं. मग राजननं पट्ट्या काढल्या. बाहेरच्या खोलीत भरदुपारचं ऊन पडलं होतं आणि ताटांतलं वरण थंड झालं होतं. तो आवाज कसला होता ते कधीच कळलं नाही. खालचा दुकानदार म्हणाला, विमानाचा. दुसरा कोणी म्हणाला, क्षेपणास्त्र समुद्रात पडलं.

हेमानं राजनच्या कपाळावरची खोक पुसली, आयोडीन लावलं. मग ओला बोळा हातात तसाच घेऊन ती जयप्रकाशांपुढे येऊन उभी राहिली.

"भावोजी, माझ्या जागेवर तुम्ही जा."

"हेमा!" राजन ओरडला.

"तुम्ही थांबा. मी यांच्याशी बोलतेय." ती जयप्रकाशांकडे वळली. "मी इथून हलणार नाही. त्यावर वाद नको. मालूताई एकट्या दोन मुलांना घेऊन कशा जातील? मयू वाटेतून पळून येईल, त्याच्यावर लक्ष हवं. तेजूला रात्री झोप लागत नाही, तिच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. माझी मुलं तुमच्या हाती देते. न्याल?"

ती टोचून बोलत नव्हती. जयप्रकाशांनी तिच्या चेहऱ्यावर टोचणी शोधली, ती सापडली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि त्यांना रडू आलं.

त्या संध्याकाळी त्यांनी विमान कंपनीत फोन करून हेमाच्या जागी स्वतःचं नाव घालून घेतलं. आवाज स्थिर होता. फोन ठेवल्यावर मालूताईंनी त्यांचे हात हातात घेतले, तेव्हा ते बर्फासारखे लागले.

*

गाडीत पाचजण आणि सामान, म्हणून हेमानं दारातच निरोप घेतला. राजननं सगळ्यांना विमानतळावर सोडलं, मुलाला एकदाच मिठी मारली आणि तो तसाच ड्यूटीवर गेला.

आत माणसं सुटकेसांवर बसली होती. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दाराशी वाळूची पोती रचली होती, त्यावर एक सैनिक हात टेकून उभा होता. जयप्रकाशांनी चारही पासपोर्ट काउंटरवर ठेवले. पलीकडच्या थकलेल्या तरुणानं ते चाळले, मागे जाऊन कोणाशी तरी बोलला आणि परत आला.

"सॉरी सर. थ्री ओन्ली. एक पेशंट आया है, स्ट्रेचर के लिए सीट निकालनी पडी."

"चार कन्फर्म आहेत. फोर कन्फर्म्ड."

"आय नो, सर. थ्री. जल्दी बताइए, पीछे लाइन है."

"मी थांबतो," मयुरेश लगेच म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "काका, तुम्ही जा. मी टॅक्सी करून घरी जातो. आई काही म्हणणार नाही."

म्हणणार नाही, हे जयप्रकाशांना ठाऊक होतं. कोणीच काही म्हणणार नव्हतं. पोरगा स्वतःहून मागे सरत होता. आपण काही करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहायचं. तो तरुण तीन पासपोर्ट उचलेल आणि आपण तासाभरात समुद्रावर असू. मालूची नजर त्यांच्यावर होती. ती डोळ्यांनी विनवत होती. बाहेर कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजला.

त्यांनी चारांतून एक पासपोर्ट उचलला. स्वतःचा. तो हातातून निसटून खाली पडला. तेजस्वीनं वाकून तो उचलून दिला.

"दीज थ्री," ते म्हणाले. "ही बाई आणि ही दोन मुलं."

"काका, नको, मी खरंच..."

"मयू, एक शब्द बोलू नकोस. बोललास तर माझं मन बदलेल. जा!"

"अहो!" मालूताईंनी त्यांची बाही धरली. "अहो, तुम्हाला जमणार नाही इथं. माझ्याशिवाय तुम्हाला..."

"नाहीच जमणार," ते म्हणाले आणि त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिनं इतकं घट्ट धरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेजस्वी त्यांच्याकडे बघत होती. जाता जाता मागे धावत आली, त्यांच्या पोटात डोकं खुपसलं आणि पुन्हा धावत गेली.

बाहेर गाड्यांच्या रांगेमागे ते ओकले. मग तिथेच भिंतीला धरून उभे राहिले. टॅक्सीवाला विचारून गेला तरी ते हलले नाहीत.

*

हेमानं सकाळपासून काही शिजवलं नव्हतं. ती पॅसेजमध्ये जमिनीवर बसली होती, कारण तिथे काच नव्हती. डोक्यावरून विमानं जात होती. त्यातलं मुलांचं कुठलं, हे ओळखायचा ती प्रयत्न करत होती. आवाज सगळे सारखेच वाटत होते. एक जाई, तिला वाटे हेच. मग दुसरं जाई. आपण चूक केली, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की तिनं दोनदा फोन उचलला. कोणाला करायचा ते न सुचून खाली ठेवला. पोरीला त्या घाबरट माणसाच्या हाती दिली. वाटेत भोंगा वाजला तर तो कोणाला धरेल?

बेल वाजली.

दारात जयप्रकाश उभे होते. शर्टावर डाग पडले होते, हातात बॅग. ते एकटेच होते. हेमानं दाराची चौकट धरली आणि त्यांच्या मागे पाहिलं. जिना रिकामा होता.

"मुलं?" ती म्हणाली. "मुलं कुठायत?"

जिना चढून जयप्रकाशांना धाप लागली होती.

"गेली," ते म्हणाले. "एक जागा कमी झाली. मी थांबलो. विमान उडालं, अगदी दिसेनासं होईपर्यंत पाहिलं मी." त्यांनी बॅग खाली ठेवली. "आपली पोरं गेली, हेमा. सुखरूप गेली."

हेमा उंबऱ्यातच खाली बसली. तेही बसले, पलीकडे, जिन्याच्या पायरीवर, बूट न काढता. दुरून पुन्हा विमानाचा आवाज येऊ लागला, तसे दोघांनी एकदम वर पाहिलं.